गिरणीवाल्याचा कंदील

चैत्र उलटत आला की माझ्या दुकानात दोन गोष्टींचा खप एकदम वाढतो, ग्लुकोजचे पुडे आणि डोकेदुखीच्या गोळ्या. पुडे नेतात ते लग्नघरचे, गोळ्या नेतात ते परीक्षावाले. दोघांची तोंडं सारखीच दिसतात, झोप न झालेली, आणि आपण नेमकं कशाच्या मागं धावतोय ते विसरून गेल्यासारखी. अंबाजोगाईत मेडिकल कॉलेजकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं औषधांचं दुकान आहे. डॉक्टर व्हायचं म्हणून या गावात आलतो, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या विकत बसलो. हे मी सगळ्यांना स्वतःच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या माघारी सांगायचे कष्ट कुणाला पडत नाहीत.

यंदा हा मोसम माझ्या घरातच पाय पसरून बसला होता. माझी पोरगी वैष्णवी तिसऱ्यांदा नीटला बसणार होती. आधी दोनदा थोडक्यात हुकलं. थोडक्यात हुकण्यासारखं वाईट काही नाही. चांगलं लांबून हुकलं तर माणूस नाद सोडतो, दुसरी वाट धरतो. थोडक्यात हुकलं की घरातला जो तो म्हणतो, अजून एकदा. मीही म्हणालो. माझ्या बायकोनं तर काही म्हणायच्या आधीच टीव्हीची केबल काढून टाकली आणि गल्लीतल्या बायकांना सांगून आली की पोरीची परीक्षा होईपर्यंत आमच्याकडं कुणी गप्पा मारायला येऊ नका. आमच्या घरात तेव्हापासून कुकरची शिट्टीसुद्धा दबकत व्हायची.

फाल्गुनातल्या एका दुपारी वैष्णवी माझा डबा घेऊन दुकानात आली. काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "पप्पा, मला यंदा नाही बसायचं."

"मग काय करायचंय?"

"ते नाही माहीत."

"म्हाईत न्हाई म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही."

मी भाकरी मोडली, ठेच्याला लावली आणि हातातच धरून बसलो. मला राग यायला पाहिजे होता, पण तो येईना. भीती आली. "आन आईला कोण सांगणार?" मी विचारलं.

तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. मग "राहू द्या" म्हणाली आणि माझं जेवण झाल्यावर मोकळा डबा घेऊन गेली. तिथून पुढं ती रोज टेबलाशी बसायची. ती वाचत होती का नुसती बसत होती, हे मला कळायचं नाही, आणि उठून बघायची माझी छाती झाली नाही.

मग लग्नाच्या तिथी सुरू झाल्या आणि एका संध्याकाळी दत्ताची बँजो पार्टी दुकानासमोरून गेली. बँजो म्हणजे आमच्याकडं टेम्पोवर रचलेले भोंगे, कीबोर्ड, ताशे आणि पुढं नाचणारी पोरं. दत्ता बारावीला माझ्या खोलीत राहायचा. आता केस काळे करतो, चमकीचा कोट घालतो आणि टेम्पोवर कीबोर्डमागं एखाद्या पुढाऱ्यासारखा उभा राहतो. नवरी वाटं लावायची वेळ आली की तो नाचायची गाणी बंद करतो आणि एक सावकाश चाल धरतो. केज, धारूर, पार माजलगावपर्यंत लोक तिला 'दत्ताची पाठवणी' म्हणतात. बैठकीत मोठमोठ्यानं बोलणारे बाप ती चाल लागली की भिंतीकडं तोंड करून उभे राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ही चाल इटलीची आहे हे या मुलखात दोनच घरांना माहीत होतं. एक दत्ताचं आणि दुसरं माझं.

तेव्हाची आमची भाड्याची खोली गयामावशीच्या घरात होती, मागच्या अंगाला. वर मातीचं सपाट माळवद. मार्चमध्ये त्या माळवदावर मावशीच्या कुरडया वाळत असायच्या, शेजारी बाजरीच्या खारोड्या, आणि त्यांच्या शेजारी आमचे सेल. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की ते उन्हात वाळत घालायचे, दुपारभर तापले की त्यांच्यात पुन्हा जीव येतो, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. नवे सेल कोण आणतंय? मावशी कुरडया उलटायला वर गेली की आमचे सेलही उलटायची. "एका बाजूनं कच्चे राहतील रे," म्हणायची. दत्ता नि मी खोलीत रसायनशास्त्र घोकत असायचो, तरी आम्हांलाही ते बरोबरच वाटायचं.

ती चाल असलेली कॅसेट आणि तो टेपरेकॉर्डर मेडिकल कॉलेजच्या होस्टेलमधून आलतं. एक शिकाऊ डॉक्टर होता, कोकणाकडचा. त्याचा मामा बोटीवर कामाला. मामा जगभरच्या बंदरांतून कॅसेटी आणायचा आणि हा त्या ऐकत पडायचा. त्याचं शिक्षण संपलं तेव्हा दत्तानं त्याची ट्रंक डोक्यावर घेऊन एसटी स्टँडपर्यंत पोचवली. डॉक्टरनं खुशीनं टेपरेकॉर्डर देऊन टाकला, आत होती ती कॅसेट तशीच. कॅसेटवर कागद नव्हता. "कुठलीये ही?" दत्तानं विचारलं. "इटलीची," डॉक्टर म्हणाला आणि गाडीत चढला. इटलीबद्दल आमची माहिती इथंच सुरू झाली नि इथंच संपली.

दिवेलागणीला लाइट जायची. मग आम्ही वाळवलेले सेल घालायचो आणि अंधारात ती कॅसेट लावायचो. सुरुवातीला देवळात घुमावा तसा घुमणारा मोठा बाजा, पेटीच्या जातीचा. मग बासरी. मग एक माणूस काहीतरी गायचा, लई जड आवाजात, विहिरीच्या तळातून बोलल्यागत. ते गाणं संपतच नसे. आपल्याकडची गाणी पाच मिनिटांत आटोपतात, हे म्हणजे एक अख्खी बाजू भरून एकच गाणं. दत्ताच्या घरी भजनाचा फड होता, आजा पखवाज वाजवायचा. त्यानं पहिल्याच दिवशी मांडीवर बोटं धरली. "एकदोनतीन, एकदोन, एकदोन. सात मात्रा हायत बे. हे आपलंच हाय." मी मोजायला गेलो की पाचावर चुकायचो. अजून चुकतो.

त्या गाण्यात एवढं दुःख कशाचं असेल यावर आमचा फार विचार व्हायचा. मी म्हणायचो, त्याची आई मेली असेल. दत्ता म्हणायचा, आई मेल्यावर माणूस एवढं लांबण लावत न्हाई, हा जितेपणीच कुणाला तरी सोडून चाललाय. मावशी दारातून म्हणायची, "बंद करा ते रडगाणं, पोटात कालवतंय माझ्या." आम्ही काही बंद करायचो नाही. त्या वयात पोटात कालवायला बरं वाटतं. शिवाय तेव्हा बारावीच्या मार्कांवरच सगळं ठरायचं, मेडिकलही त्याच्यावरच. त्यामुळं पोटात आधीच पुष्कळ काही कालवत होतं, त्यात इटलीचं थोडं मिसळलं.

दत्ता माझ्यापेक्षा हुशार होता. हे मी तेव्हाही कबूल करायचो. तो आष्टीकडचा. दिवाळी झाली की त्याचे आईबाप कोयते घेऊन ऊस तोडायला जायचे, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायचे. त्यांच्या अख्ख्या टोळीला माहीत होतं की आपल्यातल्या एकाचा पोरगा डॉक्टर होणार आहे. आणि त्या मार्चमध्ये, रसायनशास्त्राच्या पेपरला, दत्ता अर्ध्यातून उठून निघून आला. मी पेपर देऊन खोलीवर आलो तर हा चटईवर पडलेला, छातीवर टेपरेकॉर्डर, डोळे माळवदाच्या लाकडांकडं. मी विचारलं, "पेपर अवघड गेला का?" तो म्हणाला, "न्हाई. येत व्हतं सगळं." मी विचारलं, "मग कशापायी उठलास बे?" तो म्हणाला, "तेच कळंना झालंय."

पाडव्याला त्याचे आईबाप उसाच्या ट्रकमधून अंबाजोगाईला उतरले. आईच्या हाताला उसाच्या पात्यानं कापल्याच्या रेघा होत्या. तिनं आम्हां दोघांना गुळाची एकेक ढेप दिली, परीक्षा झाली का म्हणून विचारलं, आणि दत्ता "झाली" म्हणाला. आणि लगेच त्यानं टेप लावला. सेल पार उतरले होते, गाणं ओढत ओढत चाललं होतं. त्याची आई उंबऱ्याला टेकून ऐकत बसली. बऱ्याच वेळानं पदरानं डोळे पुसत म्हणाली, "कुणाच्या पोरीला सासरी लावून द्यायलेत रं?" दत्तानं मान खाली घातली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

हीच गोष्ट मी वैष्णवीला लहानपणापासून सांगत आलो. सांगण्याचा अर्थ असा की बघ, एका दुपारच्या लहरीपायी माणूस कुठल्या कुठं गेला. डॉक्टर व्हायचा तो बँजोवाला झाला. माझं मेडिकल थोडक्यात हुकलं, ते मी या गोष्टीत सहसा घेत नाही.

तर त्या संध्याकाळी दत्ताचा टेम्पो पाठवणी वाजवत दुकानासमोरून गेला, नवरीची गाडी मागं. वैष्णवी काउंटरवर होती. टेम्पो दिसेनासा झाल्यावर तिनं मोबाइल तोंडाशी धरला आणि तीच चाल गुणगुणली. म्हटलं, हे काय आता? ती म्हणाली, "गुणगुणलं की गाणं शोधून देतो फोन." मी हसलो. फोनला काय डोंबल कळणार, दत्ताच्या बँजोतलं. तर थोड्या वेळानं तिनं फोन माझ्यापुढं सरकवला. पाच पोरं, खांद्यापर्यंत केस, एका पुलावर उभी. आणि खाली नाव.

"काय लिहिलंय?"

"लान्तेर्ना देल मुन्याइओ," ती अडखळत म्हणाली. मग अर्थ बघितला. "म्हणजे, गिरणीवाल्याचा कंदील."

एवढी वर्षं ज्यांच्या दुःखानं माझ्या पोटात कालवलं त्यांचं नाव गिरणीवाल्याचा कंदील. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. दळण आणायला जावं आणि कशाला आलो तेच विसरून गिरणीच्या उंबऱ्यात बसून राहावं, तसं झालं. मग तिनं गाणं लावलं आणि मी पार गोंधळलो. तोच बाजा, तीच बासरी, पण सगळं पळत होतं. तो विहिरीच्या तळातला माणूस एक कोवळ्या आवाजाचा पोरगा निघाला आणि तो जवळजवळ उड्या मारत गात होता.

"हे ते न्हाई," मी म्हणालो.

"तेच आहे, पप्पा. तुमचे सेल उतरलेले असतील. मोटर सावकाश फिरली की आवाज जड होतो."

फिजिक्स तिनं दोनदा पाठ केलेलं. मी वाद घातला नाही. फक्त गाणं कशाबद्दल आहे ते बघ म्हणालो. तिनं बघितलं आणि तिला हसू आवरेना. गावात सर्कस आली आहे, शाळेतली पोरं दप्तरं टाकून नदीकाठानं पळत सुटली आहेत, पुढं हत्ती चाललाय, असं ते गाणं होतं. अख्खी बाजू भरून पोरं नुसती पळतात. शेवटी सर्कस दिसते का, विचारलं, तर म्हणाली, "तसं काही लिहिलेलं नाही. पळतानाच संपतं."

मग रोज दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, ती मला त्या लोकांचं थोडं थोडं वाचून दाखवायला लागली. घरी पुस्तकं उघडायची आणि दुकानात कंदीलवाले. मला ते थांबवायला पाहिजे होतं, पण मलाच पुढचं ऐकायचं असायचं. उत्तर इटलीतल्या नदीकाठच्या एका बारक्या गावातली ही पोरं. ज्याच्या गिरणीमागच्या खोलीत सराव करायचे, त्याच्या कंदिलाचं नाव घेतलेलं. बाजा वाजवणारा मुख्य, सगळ्या चाली त्याच्या. आणि हा बाजावाला कोण, तर गावातल्या औषधवाल्याचा पोरगा. बापानं त्याला औषधांचंच शिकायला घातलं होतं. तो ते अर्ध्यात टाकून यांच्यात आला.

"पुन्हा वाच," मी म्हणालो.

तिनं पुन्हा वाचलं. बाप त्याच्याशी कित्येक वर्षं बोलत नव्हता, असंही त्यात होतं. मी उगीच कपाटातल्या बाटल्या सारख्या करायला लागलो.

त्यांची पहिली रेकॉर्ड गाजली. दुसरी, आमचीवाली, अख्ख्या बाजूचं एकच गाणं असलेली, तिच्यावर तिकडची तरुण पोरं वेडी झाली. मग परदेशात नाव व्हावं म्हणून तिसरी रेकॉर्ड त्यांनी इंग्रजीत गायली, आणि तेलही गेलं नि तूपही गेलं. परदेशातल्यांना ती रुचली नाही आणि घरच्यांना ती आपली वाटली नाही. तोवर जमाना नाचायच्या गाण्यांचा आला. सात मात्रांवर नाचणार कोण? ते फुटले. ढोलवाला शाळेची बस चालवायला लागला, बासरीवाला मास्तर झाला, आणि बाजावाला परत बापाच्या औषधाच्या दुकानात जाऊन बसला. पांढरा कोट घातला आणि खोकल्याची औषधं द्यायला लागला. केस पिकले तरी तिथंच. गिऱ्हाइकांना ठाऊकही नव्हतं हा कोण.

इथं मी तिला थांबवलं. "म्हणजे शेवटी दुकानातच आला ना? मग बापाचंच खरं झालं."

"पुढं आहे अजून," ती म्हणाली.

पुढं असं होतं की एक दिवस दुकानात दोन जपानी माणसं आली. रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर त्यांनी पिशवीतून ती दुसरी रेकॉर्ड काढली आणि काउंटरवर ठेवली, सही द्या म्हणून. त्यानं म्हणे आधी सवयीनं डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. मग रेकॉर्ड बघितली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत निघून गेला, बराच वेळ बाहेर आलाच नाही. त्यानंतर ते सगळे म्हातारे जपानला गेले. तिथं त्यांच्यासाठी लोकांनी भरलेलं सभागृह होतं आणि इटालियनचा शब्द न कळणारी माणसं सगळे बोल पाठ म्हणत होती. गाणारा आता राहिला नाही, त्याची लेक त्याच्या जागी गाते. नवी नवी पोरं त्यांच्या चाली उचलतात, आमचे गुरू म्हणतात. बाजावाला अजून अधूनमधून वाजवायला जातो. बाकीचे दिवस दुकानात.

मला यातून काय घ्यावं ते कळेना. हा माणूस जिंकला का हरला? शिक्षण टाकलं ते बरोबर म्हणावं, तर परत तिथंच येऊन बसला. चूक म्हणावं, तर जगाच्या टोकावरनं माणसं त्याला हुडकत आली. मी दोन दिवस हिशेब लावत राहिलो, तो लागेना. फक्त एक झालं. दुकानात कुणी अनोळखी माणूस शिरला की मी त्याच्या पिशवीकडं बघायचो. अन् तो आपला जुलाबाची गोळी मागायचा.

शेवटी मी फोन घेऊन दत्ताकडं गेलो. तो दारात बसून कीबोर्डच्या वायरी नीट करत होता. त्याला खरं गाणं ऐकवलं. त्यानं पाय हलवून सात मात्रा धरल्या, पण तोंड आंबट केलं. "लई पळतंय," म्हणाला. मग त्याला सर्कशीचं सांगितलं. हत्तीचं, दप्तरांचं. त्यानं गाणं बंद करून फोन माझ्या हातात दिला, मलाच वाटलं, उगं सांगितलं.

"किती पोरी वाटं लावल्या असतील मी ह्या चालीवर," तो म्हणाला. "त्या रडल्या, त्यांच्या आया रडल्या. ते काय खोटं व्हतं का बे?"

मी म्हणालो, "न्हाई. तसं कसं म्हणावं?"

"मग झालं तर. त्यांच्याकडं सर्कस आली, आपल्याकडं पोरी गेल्या. चाल तीच हाय."

मला अजून एक विचारायचं होतं. इतक्या वर्षांत ते मी कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, "दत्ता, त्या पेपराला उठलास, त्याचं कधी वाईट वाटतं का रं?"

तो वायरीला चिकटपट्टी गुंडाळत राहिला. "लगीनसराईत वाटत न्हाई. पावसाळ्यात वाटतं," तो म्हणाला. "पावसाळ्यात काम नसतं न्हवं. तवा वाटतं, चुकलं. पुन्हा तुळशीचं लगीन झालं, वाजवायच्या सुपाऱ्या यायला लागल्या, का वाटतं बरं झालं. आता ह्यातलं खरं कोणतं, ते मला नगं विचारू." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुला कशाला पायजेल? पोरगी काय म्हणाली का?"

मी मान हलवली. त्यानं दारातूनच आत हाक मारली. चहा सांगितला.

परीक्षेचा रविवार आला. केंद्र लातूरला. वैष्णवी मोटारसायकलवर मागं बसली, ओढणीनं तोंड बांधून. तिच्या आईनं तिच्या हातावर दही घातलं, देव्हाऱ्यातला अंगारा लावला आणि मला बजावलं, "वाटंत तिला बोलत बसू नका, आठवलेलं विसरंल." त्यामुळं लातूरपर्यंत मी गप्प. ऊन इतकं की डांबर चिकटत होतं. रेणापूरच्या पुढं मला वाटलं, गाडी थांबवावी आणि विचारावं, पोरी, तुला खरंच जायचंय का. पण मग ती म्हणाली असती, माहीत नाही, आणि मीही तेच म्हणालो असतो, आणि आम्ही दोघं त्या उन्हात रस्त्याच्या कडेला उभे राहिलो असतो.

फाटकावर पोरींच्या अंगावरचं सगळं काढायला लावत होते. तिनं कानातले डूल काढले, केसांची पिन काढली, मनगटातला काळा दोरा सोडला, ओढणी, मोबाइल, सगळं माझ्या हातात दिलं. मोकळ्या कानांची ती एकदम लहान दिसायला लागली. "येते," म्हणाली आणि रांगेत गेली. मागं वळून तिनं बघितलं नाही.

समोर एक कडुलिंब होता, त्याच्याखाली आईबापांची जत्रा. कुणी पोथी वाचत होतं, कुणी दुसऱ्यांच्या पोरांच्या मागच्या मार्कांची चौकशी करत होतं. मी बुंध्याला टेकून बसलो, डूल मुठीत. फाटकावरची नजर मला काढता येईना. ती अर्ध्यातून उठून आली तर? ते फाटक उघडलं आणि ती एकटीच बाहेर आली तर मी काय करीन? मला भीती वाटत होती की ती येईल. आणि खोटं कशाला बोलू, कुठंतरी आत असंही वाटत होतं की आली तर सुटू, दोघंही. एका माणसाच्या पोटात अशा दोन गोष्टी एका वेळी कशा राहतात, देव जाणे. तिच्याच फोनवर मी ते गाणं लावलं, खरं, पळणारं. या वेळी मला त्यात पोरं ऐकू आली. नदीकाठानं धापा टाकत निघालेली. त्यांना पकडायला मागं कुणी मास्तर नाही, बाप नाही. एवढं साधं गाणं होतं ते. अन् आम्ही त्याच्यात मयत शोधत बसलो होतो.

फाटक वेळेवरच उघडलं. सगळ्यांबरोबर ती बाहेर आली. लिंबाखाली एकच गलका उठला, "कसा गेला? कसा गेला?" ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. माझ्या जिभेवरही तेच होतं. मी दात आवळले आणि मूठ उघडून डूल पुढं केले. तळहातावर त्यांच्या फिरकीचे वळ उमटले होते. तिनं ते बघितलं, डूल उचलले, एक कानात घातला.

"विचारत नाही का?"

"न्हाई."

तिनं दुसरा डूल घातला. त्याची फिरकी बसायला जरा वेळ लागला. मग म्हणाली, "सगळा सोडवला पप्पा. चांगला गेलाय. यंदा लागंल नंबर."

हातच जोडणार होतो मी.

"पण मला नाही व्हायचं डॉक्टर," ती म्हणाली. "मला ते येत नाही म्हणून नाही म्हणते, असं तुम्हाला वाटायला नको होतं. म्हणून सोडवला."

माझ्या मनातल्या सगळ्या पळवाटा तिनं एका वाक्यात बुजवल्या. नापास झाली असती तर नशीब म्हणालो असतो. उठून आली असती तर लहर म्हणालो असतो, दत्ताची गोष्ट सांगितली असती. आता सांगायला माझ्याजवळ कुणाचीच गोष्ट नव्हती. मग काय व्हायचंय, हे पुन्हा जिभेवर आलं. तिचं उत्तर मला ठाऊक होतं. पण तोंडातून जे निघालं ते असं निघालं, "बरं. तुझ्या आईला मी सांगतो."

तिनं माझ्याकडची ओढणी ओढून घेतली आणि तोंडाला लावली. ती रडत होती का हसत होती, हे मला कळलं नाही.

कोपऱ्यावर रसवंती होती, घुंगरं वाजत होती. आम्ही बाकड्यावर बसलो. रसवाला ऊस चरकात घालत होता. वैष्णवी टेबलावर बोटांनी ठेका धरून बसली होती, एकदोनतीन, एकदोन, एकदोन. मीही माझी बोटं धरली. पाचावर चुकलो. ती थांबली. मग माझ्याकडं न बघताच तिनं पुन्हा एकपासून धरला, माझ्यासाठी, जरा सावकाश.